नंबर नसलेला झगा

तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता गल्लीत उरलेलं नाही. सगळे तिला डागमावशी म्हणतात, बँकेतला शिपाईसुद्धा. त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. मात्र कोणी नुसतंच 'मावशी' म्हटलं तर ती वळून बघायची नाही, कारण तशी हाक मारायचा हक्क एकट्या बारकीचा.

कोपऱ्यावरची लाँड्री तिची. पुढे काउंटर, मागे दोन धुलाई यंत्रं, एक वाफेची इस्त्री आणि खिडकीला लागून एक लांबट टेबल. टेबलावर बाटल्या. शाईच्या डागाला स्पिरिट, गंजाला लिंबाचं सत्व, चहाला ग्लिसरीन. रक्ताला थंड पाणी आणि मीठ. गरम पाणी चुकूनही लावायचं नाही, नाहीतर रक्त कापडात शिजतं आणि मग देव खाली उतरला तरी डाग निघत नाही. हे सगळं तिला सासऱ्यांनी शिकवलं. एक नियमही त्यांनीच शिकवला होता. गिऱ्हाइकाला डाग कशाचा ते विचारायचं, कारण त्याशिवाय काम होत नाही. कोणाचा ते विचारायचं नाही.

हा नियम तिने तीस वर्षं पाळला. एकदा तर एका नवरदेवाच्या कोटावरची लिपस्टिक तिने लग्नाच्या तासभर आधी काढून दिली आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. ते जोडपं आज तीन मुलांसह सुखात नांदतंय. त्या सुखातलं निम्मं श्रेय डागमावशीचं आहे, पण हे ती कोणाला सांगणार?

बारकी ही तिच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा बारकी चार वर्षांची होती, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी डागमावशीचा नवरा गेला. पदरात परकं लेकरू, डोक्यावर दुकान. त्या वेळी धावून आली ती प्रार्थनागृहाची मंडळी. महिनाभर दोन वेळचा डबा आला. तिथल्या गुरुजींची बायको, जिला सगळे ताई म्हणत, ती रोज काउंटरवर येऊन बसली आणि तिने एकाही गिऱ्हाइकाला परत जाऊ दिलं नाही. असे उपकार माणूस विसरत नाही, विसरूही नये. डागमावशी तेव्हापासून त्या घरची झाली ती झालीच. गायक मंडळाचे बत्तीस पांढरे पायघोळ झगे दर महिन्याला तिच्याकडे धुवायला यायचे. प्रत्येकाच्या गळ्याशी आतून नंबराची पट्टी शिवलेली, पट्ट्या तिनेच शिवलेल्या. चौदा नंबर बारकीचा.

बारकी एकोणीस वर्षांची झाली. चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बोचते का ते बघताना तीच तोंड वाकडं करायची, आणि गिऱ्हाईक हसायचं. आवाज मात्र असा की गायनमास्तर इतरांना गप्प बसवून तिचं ऐकवायचे.

आता कायद्याचं सांगायला हवं. ही गोष्ट घडली त्या देशात गर्भपाताला बंदीच होती, पण एक अपवाद होता. बाईवर बळजबरी झाली असेल तर बारा आठवड्यांपर्यंत तिला सरकारी दवाखान्यात जाता यायचं. हे अपवादाचं कलम काढून टाकावं म्हणून प्रार्थनागृहाने सह्यांची मोहीम काढली. सह्यांचे कागद डागमावशीच्या काउंटरवर, पेन दोरीला बांधलेलं. लोक कपडे घ्यायला यायचे, सही करून जायचे. डागमावशी ज्याला त्याला पटवायची, आणि ढोंग म्हणून नव्हे, मनापासून. लेकरू नसलेल्या बाईने परक्या लेकराला वाढवलं होतं. कोणतंही लेकरू नको असू शकतं, ही कल्पनाच तिला सोसायची नाही. एका प्रार्थनेच्या दिवशी गुरुजींनी तिला सगळ्यांसमोर बोलायला उभं केलं. ती म्हणाली, "बाप कसाही असो, कसंही घडलेलं असो, पोटातल्या जिवाने कोणाचं काय बिघडवलंय?" टाळ्या पडल्या. ताईंनी डोळे पुसले. ते वाक्य पुढे पत्रकावर छापलं, शेजारी तिचा फोटो. फोटोत ती जरा घाबरल्यासारखी दिसते, पण तिला तो आवडला होता.

त्यानंतर आठवड्याभराने, एका सकाळी, ताई स्वतः दुकानात आल्या. हे नवलच होतं. झगे नेहमी रखवालदार गठ्ठ्याने आणून टाकायचा. ताईंच्या हातात कागदी पिशवी होती आणि पिशवीत एकच झगा.

"रक्त आहे," ताई म्हणाल्या. "एक मुलगी जिन्यात पडली, त्यात तिची पाळी आलेली. लाजेने मेलीये बिचारी. तुम्ही विचारणार नाही म्हणून तुमच्याकडे आणला."

"मी कधी विचारते?" डागमावशी म्हणाली.

तिने झगा टेबलावर पसरला. गळ्याशी नंबराची पट्टी नव्हती. कात्रीने नीट कापलेली, उसवलेली नव्हे. बगलेतली शिवण टर्रकन फाटलेली. पाठीचे दोन हूक तुटलेले. जिन्यात पडलेल्या माणसाचं कोपर फाटतं, गुडघा फाटतो, बगल फाटत नाही. हे डागमावशीला कळलं नाही असं म्हणणं म्हणजे तिच्या धंद्याचा अपमान आहे. तिला कळलं. कोणाची पोर असेल, असं वाटलं. मग वाटलं, ताईंना ठाऊक आहे, म्हणजे प्रार्थनागृहाचं ज्येष्ठ मंडळ बघेल, घरातलं आधी घरात बघायचं अशीच आपली रीत आहे. आणि तिने थंड पाण्याची बादली भरली.

तीन पाण्यांत डाग गेला. तिने बगल शिवली, हूक लावले, इस्त्री फिरवली. ताईंनी झगा उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "काय हात आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. डागमावशीला बरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण तिला खरंच बरं वाटलं.

पुढे सात आठवडे बारकी गायला गेली नाही. घसा बसलाय, म्हणायची. घसा बसलेलं माणूस दाराला आतून कडी लावून आणि वर खुर्ची टेकवून झोपत नाही, पण डागमावशीने आलं-मधाचा काढा केला आणि तेवढ्यावर समाधान मानलं. मग एका सकाळी दुकानातल्या मोरीपाशी बारकीला उलट्या झाल्या. लागोपाठ तिसरी सकाळ होती. डागमावशीने यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं.

"कोण?" तिने विचारलं.

बारकी मोरीच्या कठड्याला धरून उभी होती. "मास्तर," ती म्हणाली. "सराव संपल्यावर थांब म्हणाले. मी ओरडले, मावशी. खरंच ओरडले. वरच्या मजल्यावर बैठक चालू होती, खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता."

डागमावशीने तिला जवळ ओढलं. बारकी लाकडासारखी ताठ राहिली.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"दुसऱ्या दिवशीच ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मावशीला मी सांगते वेळ बघून. आणि तू... तू आठवड्यापूर्वीच तिथे उभी राहून बोलली होतीस ना? मला वाटलं, दिवस राहिलेच तर तू मला तेच सांगशील."

वकिलाने विचारावं तसं डागमावशीने विचारलं, "तुझा झगा कुठे आहे?"

"ताईंकडे. पुरावा म्हणून जपून ठेवते म्हणाल्या. कोणाला नाव कळू नये म्हणून नंबर माझ्यासमोरच कापला."

डागमावशीने आपले हात पाहिले. मग ते एप्रनला पुसले, कोरडे होते तरी. बारकीला ती त्या क्षणी काहीच बोलली नाही.

शहाण्या माणसाने इथून सरळ पोलीस ठाणं गाठलं असतं. पण चौदा वर्षांची सवय पायांत असते. डागमावशी प्रार्थनागृहात गेली. तिला अजून वाटत होतं की ताईंची काहीतरी गफलत झाली असेल, गुरुजींना हे ठाऊकच नसेल, ऐकताक्षणी ते मास्तरला मानेला धरून बाहेर काढतील.

गुरुजींना सगळं ठाऊक होतं; नवीन होतं ते फक्त दिवस राहिल्याचं, तेही तिनेच सांगितलं. ज्येष्ठ मंडळाचे पाचही जण वरच्या खोलीत जमले, लांब टेबलाभोवती. ताई भिंतीपाशी बसल्या. गुरुजींचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"मास्तरांनी आमच्यासमोर गुडघे टेकून पश्चात्ताप केलाय," ते म्हणाले. "सहा महिने ते गायनापासून दूर राहतील. त्यांनाही दोन लहान लेकरं आहेत. क्षमा हा आपल्या धर्माचा पाया आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"क्षमा कोणी केली?" डागमावशीने विचारलं. "बारकीने?"

"मंडळाने केली."

"मंडळावर झाली होती का बळजबरी?"

एक जण खोकला. गुरुजी दुखावल्यासारखे हसले. "बळजबरी हा फार मोठा शब्द आहे. मुलगी सराव संपल्यावर एकटी थांबली. थोडं थोडं दोघांचंही चुकलं, असं धरून आपण पुढे जाऊ. आता खरा प्रश्न त्या निष्पाप जिवाचा आहे."

"आणि बारकी? ती निष्पाप नाही?"

"तिने ते मूल जन्माला घातलं तर तिच्याइतकी पुण्यवान कोण?" गुरुजी पुढे वाकले. त्यांचे डोळे खरोखर चमकत होते. "विचार करा. कलम काढायचं विधेयक पुढच्या महिन्यात यायचंय. आपल्याच घरातली मुलगी, जिच्या बाबतीत कायदा मुभा देतो, ती उभी राहून म्हणते, मला ही मुभा नको. केवढं बळ मिळेल! नाव अर्थातच मास्तरांचं घ्यायचं नाही. आणि तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहा. तुमचे शब्द लोकांच्या तोंडी आहेत."

इथे एक कबूल करायला हवं. हा माणूस लबाडी करत होता असं डागमावशीला तेव्हाही वाटलं नाही. तो मनापासून बोलत होता, आणि तेच भयंकर होतं. ज्या तोंडाने तो पोटातल्या जिवासाठी रडायचा, त्याच तोंडाने तो समोरच्या पोरीला 'थोडं थोडं' म्हणत होता, आणि घास कुठेच अडकत नव्हता.

ती ताईंकडे वळली. "झगा माझ्याकडेच का आणलात?"

ताईंनी क्षणभर खाली पाहिलं. मग अगदी शेजारणीच्या आपुलकीने म्हणाल्या, "दुसऱ्या लाँड्रीत नेला असता तर बोभाटा झाला असता. पोरीचं नाव गेलं असतं. तुमच्यावर माझा विश्वास होता."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारीला आपण मान धरून उपकार करतोय असं वाटत होतं. काउंटरवर महिनाभर बसलेली ती बाई हीच, डबे पाठवणारी हीच, आणि तिने मावशीच्याच हाताने भाचीचा पुरावा धुवून घेतला होता.

डागमावशी उठली. "माझा फोटो काढून टाका त्या कागदावरून," एवढंच ती म्हणाली, आणि तेही कोणी ऐकलं की नाही कोण जाणे. जिन्यात मागून मंडळातला एक म्हातारा घड्याळजी धापा टाकत आला. "मी आत बोलायला हवं होतं," तो हळूच म्हणाला.

"मग चला परत. आता बोला."

तो जरा घुटमळला. म्हणाला, गुडघे दुखतात. आणि परत वर गेला, कारण वर चहा यायचा होता.

पोलीस ठाण्यात डागमावशी आणि बारकीसमोर एक थकलेली अधिकारीबाई बसली, दोन बोटांनी टाइप करणारी, पण ऐकून घेणारी. बारकी बोलत गेली. कुठे थांबली तर अधिकारीबाई पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि खिडकीकडे बघायची. शेवटी तिने विचारलं, "त्या दिवशीचे कपडे?"

"ताईंकडे आहेत," बारकी म्हणाली. "जपून ठेवलेत त्यांनी."

"नाहीत," डागमावशी म्हणाली. "म्हणजे झगा आहे. पण धुतलेला आहे. मी धुतलाय."

बारकीने मान वळवली.

"तुम्ही?" अधिकारीबाईची बोटं थांबली. "कधी?"

"झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. ताईंनी आणून दिला. नंबर कापलेला होता, हिचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं."

"रक्त दिसलं होतं?"

"हो."

"फाटलेला होता?"

"हो. मीच शिवला."

"मग कोणाचा आहे, काय झालंय, असं विचारलं नाही तुम्ही?"

"आमच्या धंद्यात विचारत नाहीत," डागमावशी म्हणाली.

अधिकारीबाईने ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं आणि वाचून दाखवलं. परक्याच्या तोंडून ते ऐकताना डागमावशीला वाटलं, ठाण्याच्या फरशीने आपल्याला पोटात घ्यावं. जबाबावर तिने सही केली. खटला उभा राहील, अधिकारीबाई म्हणाली, पण झग्याशिवाय जड जाईल, खोटी आशा दाखवत नाही. दवाखान्यासाठी लागणारा दाखला मात्र तिने तिथल्या तिथे दिला. अजून मुदतीत आहे, म्हणाली, आठवडा घालवू नका.

घरी बारकी एक शब्द बोलली नाही. दोन दिवस नाही. तिने स्वतः दवाखान्यात फोन केला, स्वतः वेळ घेतली. डागमावशी आपण होऊन सोबत निघाली. बारकीने नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही.

दवाखान्याच्या फाटकापाशी प्रार्थनागृहाच्या बायका फलक घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीने डागमावशीला पाहिलं आणि तोंडभर हसली. "उशीर केलात आज! या, इथे सावलीत उभ्या राहा." तिने पत्रकांचा गठ्ठा पुढे केला. सगळ्यात वर डागमावशीचाच फोटो. गेल्या वर्षभरात या फाटकातून माना खाली घालून गेलेल्या मुलींच्या हातात डागमावशीने स्वतः असली पत्रकं कोंबली होती. एकीला तर ती म्हणाली होती, बाळा, घरी आईला विचारून आलीस का. तिला त्या मुलीची ओढणी आठवली, चेहरा आठवेना. ती गठ्ठा न घेता आत गेली. मागे हसू एकदम बंद झालं आणि कुजबुज सुरू झाली.

आत हिरवट रंगाची लांब खोली होती. दोघी बाकावर बसल्या. बारकीने अर्ज भरला, मांडीवर ठेवला. समोरच्या भिंतीवर हात धुवायची पद्धत चित्रांतून दाखवली होती. बारकी बराच वेळ ती चित्रं बघत राहिली.

डागमावशीला राहवेना. "त्यांनी मला फसवलं गं," ती म्हणाली. "चौदा वर्षं त्यांच्यासाठी राबले आणि त्यांनी मला असं फसवलं. मला काय कल्पना, तो झगा तुझा आहे म्हणून?"

"कळलं असतं तर काय केलं असतंस?" बारकीने विचारलं. दोन दिवसांतलं हे तिचं पहिलं बोलणं.

"काय म्हणजे? धुतला असता होय? तडक पोलिसांत गेले असते. ताईंच्या तोंडावर फेकला असता!"

"हो," बारकी म्हणाली. "गेली असतीस. माहितीये मला."

डागमावशीच्या छातीवरचा धोंडा जरासा हलला. तिने बारकीच्या हातावर हात ठेवला. बारकीने तो काढला नाही. ती तशीच समोर बघत बोलली, राग नव्हता आवाजात, गिऱ्हाइकाला काचेचा नंबर सांगावा तसं.

"पण तू धुतलास तेव्हा तो माझा नव्हता ना, मावशी. दुसऱ्या कोणाच्यातरी मुलीचा होता. म्हणून धुतलास."

डागमावशीने तोंड उघडलं. नाही, असं म्हणायला हवं होतं.

आतलं दार उघडलं आणि परिचारिकेने बारकीचं नाव पुकारलं. "सोबत कोणी येणार आहे का आत?" तिने विचारलं.

बारकी उठली, अर्ज हातात घेतला. मावशीचा हात तिने हळूच उचलून बाकावर ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."